माकडाचं तुमच्याकडे लक्ष नसेल, तेव्हाच फोटो मिळतो

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: जानेवारीत बायको आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन तमिळनाडूतल्या वालपराईला जायचंय, जवळ ७०-३०० ची लेन्स आहे, सिंहपुच्छ माकडाचे बरे फोटो हवेत. आणि माथेरानला एका माकडाने मुलीच्या हातातला वेफर्सचा पुडा ओढून नेल्यापासून ती माकड दिसलं तरी आईला चिकटते, तेव्हा तिकडे माकडं जवळ आली तर काय करायचं?

दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. ज्या माकडाला तुमच्यात काहीच रस नाही, ते अंगावर येत नाही, आणि फोटोही त्याचाच चांगला मिळतो. ते खात असतं, पिल्लाला पाजत असतं, दुसऱ्याच्या केसांत बोटं घालून बसलेलं असतं. ज्याची नजर तुमच्या पिशवीवर आहे त्याचा एकच फोटो निघतो: समोरून, रोखून बघणारा, हात पुढे केलेला. असे फोटो सगळ्यांच्याच मोबाइलमध्ये आहेत. तेव्हा माकडाला आपण कंटाळवाणे कसे वाटू, एवढंच बघायचं.

आधी माथेरानचं सांगतो, कारण मुलीची भीती तिथली आहे. माथेरान, महाबळेश्वर, घारापुरी, वरंध घाट इथे जी लालसर तोंडाची, लांब शेपटीची, डोक्यावर मधोमध भांग पाडून केसांची टोपी घातल्यासारखी दिसणारी माकडं असतात, ती फक्त दक्षिण भारतात सापडणारी जात आहे. इंग्रजीत तिला बोनेट मकाक म्हणतात. उत्तरेकडचं ऱ्हीसस माकड वेगळं. त्याची शेपटी आखूड आणि पार्श्वभाग तांबूस असतो, आणि ते हळूहळू दक्षिणेकडे सरकत आपल्या माकडांची जागा घेतंय. आपलं माकड आता आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत ‘असुरक्षित’ गटात गेलंय. घाटात गाडी थांबवून त्याला पार्ले-जी टाकणाऱ्यांना हे सांगितलं की खोटं वाटतं. दर वळणावर तर बसलेली असतात, म्हणतात. वळणावर बसतात ती त्या पार्ले-जीसाठीच, आणि त्याच वळणावर गाडीखाली येतात.

या माकडांना माणसाची भीती उरलेली नाही, पण ती पाळीवही झालेली नाहीत. माणसाबद्दल त्यांना नेमकी माहिती आहे. प्लॅस्टिकचा कुरकुर आवाज म्हणजे खाणं. हात पाठीमागे गेला म्हणजे काहीतरी लपवलंय. लहान मूल म्हणजे उंची कमी, पकड ढिली. त्यामुळे हल्ला झाला असं आपल्याला वाटतं तेव्हा त्यांच्या बाजूने तो बहुतेक वेळा साधा हिशेब असतो. बालीच्या उलुवातू मंदिरातली माकडं तर याच्याही पुढे गेली आहेत. ती चष्मे, चपला, फोन पळवतात आणि खाणं मिळाल्यावर सोडून देतात. कोणत्या वस्तूला माणूस जास्त किंमत देतो हे अनुभवी माकडांना कळतं, असं तिथल्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलंय. बालीला जाणारी मराठी मंडळी आता बरीच आहेत, म्हणून सांगून ठेवलं.

तर नियम असा की माकडांच्या टापूत शिरण्याआधी सगळं खाणं गाडीच्या डिकीत जायला हवं. सॅकच्या बाहेरच्या जाळीत पाण्याची बाटलीसुद्धा नको. हातात प्लॅस्टिकची पिशवी तर अजिबात नको, आत कपडे असले तरी. चेन माकडांना उघडता येते, त्यामुळे ‘बॅग बंद आहे’ हे पुरेसं नाही, ती पोटाकडे घ्या. गॉगल, टोपी, मुलीचे चमकते क्लिप काढून ठेवा. एवढं केलंत की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं म्हणजे त्यांचा चेहरा वाचणं, आणि इथे बहुतेक जण फसतात. माकड ओठ मागे ओढून दात दाखवतं तेव्हा ते हसत नसतं, घाबरलेलं असतं. उलट तोंडाचा गोल ‘आ’, भुवया वर, कान मागे आणि नजर रोखलेली, हा धमकीचा चेहरा. मोठा नर जांभई देऊन सुळे दाखवतो तीही नुसती झोपेची जांभई नसते. आजूबाजूला ताण असला की तो असं करतो. ओठांची पचपच करत एकमेकांकडे बघणं ही मात्र दोस्तीची खूण. आता हेच उलट्या बाजूने बघा. तुम्ही माकडाकडे टक लावून, दात दाखवत, कौतुकाने बघता. त्याला त्यात एकाच वेळी धमकी आणि भीती दिसते. मुलीला हे समजावून सांगा, चेहरे करून दाखवा. मुलांना हा खेळ फार आवडतो, आणि समोरचा प्राणी काय म्हणतोय हे कळलं की भीती बरीच उतरते. माझ्याबरोबर आलेल्या कितीतरी मुलांच्या बाबतीत हे दिसलंय.

माकड अगदी जवळ आलंच तर पळायचं नाही, किंचाळायचं नाही, पाठ फिरवायची नाही. नजर खाली किंवा बाजूला. दोन्ही तळहात उघडे करून दाखवायचे, काही नाही म्हणून. मग हळूहळू मागे सरकायचं. मुलगी तुम्हा दोघांच्या मध्ये हवी. हातातली वस्तू त्याने धरलीच तर सोडून द्या. चावे बहुतेक या ओढाताणीतच बसतात. पिल्लू आणि आई यांच्या मध्ये कधीही उभं राहू नका, आणि पायवाटेवर किंवा पायऱ्यांवर त्यांची जायची वाट अडवू नका. हातात काठी असेल तर ती जमिनीवर आपटली तरी पुरते, मारायची वेळ येत नाही.

आता वालपराई.

पोल्लाचीहून आळियार धरणापाशी घाट सुरू होतो आणि ४० हेअरपिन (केसांच्या पिनेसारखी उलटी फिरणारी) वळणं चढून तुम्ही चहाच्या मळ्यांत पोचता. पहिल्या काही वळणांवर निलगिरी ताहर, म्हणजे तिथली रानटी बकरी, रस्त्याच्या कठड्यावर उभी दिसू शकते, तेव्हा कॅमेरा डिकीत ठेवू नका. वर गेल्यावर सगळा प्रदेश चहाचा आहे आणि त्यात मधूनमधून मूळ जंगलाचे तुकडे राहिलेत. चहूबाजूंनी अण्णामलै व्याघ्र प्रकल्प. अशाच एका तुकड्यात, गावाला लागून असलेल्या पुदुतोट्टम मळ्यापाशी, सिंहपुच्छ माकडं रस्त्यावर दिसतात.

हे प्राणी मुळात झाडांचे शेंडे न सोडणारे. सगळं अंग काळं, चेहऱ्याभोवती करड्या-रुपेरी केसांची आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. जगात फक्त पश्चिम घाटात, तेही कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूतच आहेत. जंगलातली एकूण संख्या ४ हजारांच्या आत असल्याचा अंदाज आहे. आपल्या महाराष्ट्रात नाहीत. सत्तरच्या दशकात केरळातल्या सायलेंट व्हॅलीत धरण होणार होतं, तेव्हाच्या आंदोलनात याच माकडाचा चेहरा पुढे होता. धरण रद्द झालं आणि १९८४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं.

पुदुतोट्टमला हे माकड जमिनीवर का उतरलं? जंगलाचा तुकडा छोटा, शेंड्याला शेंडा लागत नाही, मधून रस्ता जातो. मग ती उतरतात, रस्ता ओलांडतात, घरांच्या पत्र्यांवर बसतात, कचऱ्यात हात घालतात. रस्त्यावर या झाडापासून त्या झाडापर्यंत झुलते पूल बांधलेत, आणि टोळी ओलांडत असताना गाड्या हळू करायला लावणारे स्थानिक राखणदार असतात. ते हात दाखवतील तिथे थांबा, सांगतील तिथेच उभे राहा. टोळी सकाळी कुठे होती हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, त्यांच्याशी दोन शब्द बोललात तर तुमचा अर्धा दिवस वाचेल. तमिळ येत नसलं तरी अडत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. तिथे एखादा ड्रायव्हर ‘केळं टाकू का, खाली येतील’ म्हणेल. नको म्हणा, आणि जरा जोरात म्हणा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे हा, पण कायदा बाजूला ठेवला तरी केळ्याने फोटोची माती होते. टोळी भांडायला लागते, नर पुढे घुसतो, आया पिल्लं घेऊन मागे हटतात, आणि तुमच्या फ्रेममध्ये डांबर, केळ्याची साल आणि एक वैतागलेला नर उरतो.

काळ्या तोंडाचं, काळ्या अंगाचं दुसरंही एक माकड तिथे दिसेल: निलगिरी वानर. नवखे लोक त्याचाच फोटो सिंहपुच्छ म्हणून घरी आणतात. त्याच्या डोक्यावरचे केस तपकिरी-सोनेरी असतात, शेपटी खूप लांब आणि गोंडा नसलेली. आपल्याकडच्या काळतोंड्या वानराचा हा भाऊबंद, पानं खाणारा आणि बुजरा. तो रस्त्यावर येऊन तुमची वाट बघणार नाही. त्याचा बरा फोटो मिळाला तर मी म्हणेन सिंहपुच्छापेक्षा जास्त कमावलंत.

कॅमेऱ्याकडे वळू. काळ्या प्राण्याचा फोटो काढताना कॅमेरा दोन उलट प्रकारे चुकतो. माकड चौकटभर असेल तर कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो, मग काळं अंग राखाडी होतं आणि आयाळ पांढरी फटक. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटोतला उजेड हाताने कमीजास्त करायची सोय, उणे ०.७ च्या आसपास ठेवा. तेच माकड फांदीवर असेल आणि मागे पांढरं आकाश असेल तर कॅमेऱ्याला उजेड जास्त वाटतो आणि माकडाची नुसती काळी आकृती उरते. तिथे अधिक १, कधी अधिक २ सुद्धा लागतं. आकाश जळेल, जळू द्या. त्याहून बरं म्हणजे दोन पावलं सरकून मागे झाडी येईल असं बघा. या प्राण्याच्या बाबतीत पाठीमागे काय आहे यावर अर्धा फोटो ठरतो. हिरवी झाडी मागे असली की आयाळ उठून दिसते.

फोकस डोळ्यावर हवा आणि तो आपोआप तिथे जाईल असं समजू नका. काळ्या चेहऱ्यात तपकिरी डोळे हरवतात, आणि फोकस आयाळीच्या उजळ केसांवर जाऊन बसतो. घरी स्क्रीनवर बघितल्यावर कळतं की केस न् केस मोजता येतोय आणि डोळे मऊ आहेत. प्राण्यांचे डोळे ओळखणारी सोय तुमच्या कॅमेऱ्यात असेल तर आधी वापरून बघा, नाहीतर एकच फोकस बिंदू घेऊन डोळ्यावर ठेवा. डोळ्यात उजेडाचा एक ठिपका येईपर्यंत थांबा. माकड मान वळवतंच, तो ठिपका येतोच. तेवढा नसेल तर काळा चेहरा मेल्यासारखा दिसतो.

शटर बसलेल्या माकडाला १/५०० सेकंद पुरे, उडी टिपायची तर १/१६०० च्या पुढे. झाडीत उजेड कमी असतो, ३०० वर तुमच्या लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) फार मोठं उघडत नाही, त्यामुळे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, ३२०० किंवा ६४०० पर्यंत जाईल. जाऊ द्या. थोडे दाणे असलेला स्थिर फोटो हललेल्या फोटोपेक्षा केव्हाही बरा. फ्लॅश मात्र नाही म्हणजे नाहीच.

कॅमेरा एकदम उचलून डोळ्याला लावू नका. माणसाच्या चेहऱ्याच्या जागी अचानक एक मोठा काळा गोल डोळा रोखलेला, असं काहीसं त्यांना दिसत असावं, कारण अशा वेळी ती बिचकून तोंड फिरवतात किंवा ‘आ’ करून धमकावतात. कॅमेरा छातीशी धरून थोडा वेळ नुसतं उभं राहा, इकडेतिकडे बघा, मग हळूच वर न्या. चारदोन फोटो काढून पुन्हा खाली. थोड्या वेळाने टोळी तुम्हाला विसरते, आणि खरे फोटो त्यानंतरचे असतात.

वेळ सकाळची. जानेवारीत वालपराईला चांगली थंडी असते, धुकं असतं, आणि ऊन आलं की माकडं उघड्या फांद्यांवर छाती उन्हाकडे करून बसतात. दुपारी टोळी विसावते, एकमेकांच्या केसांतून बोटं फिरवत बसते. उवा काढणं म्हणतो आपण, पण त्यात किडे, कचरा काढण्याइतकंच नातं राखणंही असतं. कोण कुणाचं डोकं साफ करतंय, कुणाची पाळी आली की कोण उठून जातंय, हे बघत बसलात तर वेळ कसा जातो कळत नाही. फणसाच्या झाडावर टोळी असेल तर हलूच नका. नुसते चेहरे टिपत बसू नका. चहाच्या रांगा, पत्र्याचं छप्पर, रस्त्यावरची पिवळी पट्टी हेही येऊ द्या. पुदुतोट्टमच्या माकडाचं आयुष्य तसंच आहे. तारा आणि छपरं कापून ‘घनदाट अरण्यात’ असं खाली लिहिणाऱ्यांची मला गंमत वाटते.

मोबाइलवाल्यांसाठी एवढंच: मोबाइलने चांगला फोटो यायला फार जवळ जावं लागतं, म्हणून तो मोह सोडा आणि टोळीचा, झाडांचा मोठा देखावा घ्या. माकडाबरोबर सेल्फी तर नकोच. आययूसीएनच्या वानरतज्ज्ञांच्या गटाने २०२१ मध्ये सुचवलंय की माणूस आणि माकड एकाच फोटोत असतील तर त्यांच्यात निदान ७ मीटर अंतर दिसायला हवं, कारण जवळिकीचे फोटो बघून पुढचा माणूस आणखी जवळ जातो. प्रत्यक्ष उभं राहायलाही तेवढं अंतर ठीक आहे. घरात कुणाला सर्दी-खोकला असेल तर त्याहून लांब, आपले आजार त्यांना लागतात.

चावलं किंवा ओरखडलं तर, हे नीट वाचा. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करायची. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत देण्याच्या इम्युनोग्लोब्युलिनबद्दल स्वतःहून विचारायचं, धनुर्वाताचंही. कुत्र्याच्या बाबतीत ‘१० दिवस नजर ठेवू’ असं म्हणतात, तो नियम माकडाला लागू नाही. नुसता ओरखडा आहे म्हणून सोडू नका आणि सहल संपायची वाट बघू नका. पुढचे डोस दुसऱ्या गावात घेता येतात, पहिल्या डोसचा कागद तेवढा जपून ठेवा.

वालपराई लांब वाटत असेल तर सिंहपुच्छ माकडाचा सगळ्यात उत्तरेकडचा ठाव कोल्हापूर-गोव्याकडून गाठण्यासारखा आहे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, अघनाशिनी नदीच्या खोऱ्यात, २०११ मध्ये त्यांच्यासाठी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालंय. पण तिथली माकडं खरी रानातली आहेत. उंच शेंड्यांवर असतात, चाहूल लागली की निघून जातात. दिवसभर मान वर करून एक काळा ठिपका मिळाला तरी नशीब. मुलीला घेऊन पहिल्यांदा जाताय तर वालपराईच बरी. अघनाशिनीकडे जायचं तर आणखी एक काळजी घ्यावी लागते, ती माकडतापाची. हा आजार १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात पहिल्यांदा ओळखला गेला, आणि गेल्या दशकात गोव्यातल्या सत्तरीत आणि आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यातही आला. माकडाच्या चाव्याने तो होत नाही, गोचिडीने होतो. डिसेंबरपासून मेपर्यंतचा काळ जोखमीचा. लांब बाह्या, पॅन्ट मोज्यात खोचलेली, पाल्यापाचोळ्यात बसायचं नाही, परत आल्यावर अंग तपासून गरम पाण्याने आंघोळ. रानात मेलेलं माकड दिसलं तर फोटोसाठीही जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा. तिथून आल्यावर आठवडाभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरांना कुठे गेला होतात ते आधी सांगा.

शेवटी तुम्ही विचारलंय की १५०-६०० ची लेन्स भाड्याने घेऊ का. पुदुतोट्टमला गरज नाही, ७०-३०० भरपूर आहे, आणि ते धूड गळ्यात घेऊन मुलीचा हात धरता येणार नाही. तेच पैसे घालून मुक्काम एका रात्रीने वाढवा. धुक्यात एक सकाळ हमखास वाया जाते. खोलीच्या खिडक्यांना जाळी आहे ना, हे बुकिंग करताना विचारा, आणि अंधार पडल्यावर चहाच्या मळ्यांतून चालत फिरू नका, तिथे बिबटे आहेत.